सत्तावीस नंबरचा बिल्ला

हे खरंच घडलेलं आहे. जिच्या बाबतीत घडलं, त्या माझ्या थोरल्या बहिणीने छत्तीस वर्षं शाळेत शिकवलं. वही घरी राहिल्याची थाप कुणी मारली, तर तिला ती वर्गाच्या दारातच कळायची. ती स्वतः थापा मारेल, हे मला पटत नाही. गाव तिला नुसतं ‘बाई’ म्हणतं. मीही तेच म्हणतो.

रात्र नव्हती. वादळ नव्हतं. साधा मंगळवार होता आणि जागा होती जुन्या कौलांच्या कारखान्यातली हजेरीची खोली.

आता हजेरीची पद्धत नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे.

भिंतीवर एक फळी. तिच्यावर खिळे. प्रत्येक खिळ्याला नंबर घातलेला पितळी बिल्ला. कामगार आत जाताना आपला बिल्ला काढून खिशात ठेवायचा. सुटताना परत अडकवायचा. ज्याचा खिळा रिकामा, तो माणूस अजून आत.

नव्वद वर्षांपूर्वी कौलं वाळवायची शेड कोसळली. त्या संध्याकाळी एकोणीस खिळे रिकामे राहिले. अठरा जण सापडले. त्यांचे बिल्ले त्यांच्या खिशातच होते. लोकांनी ते आणून अडकवले.

एकोणिसावा सापडलाच नाही.

नंबर सत्तावीस.

तेव्हापासून दरवर्षी त्या तारखेला गाव या खोलीत जमतं. घरोघरची माणसं आपापल्या पूर्वजाचा बिल्ला हातात घेतात आणि परत अडकवतात. सत्तावीसच्या खिळ्यापाशी सगळे गप्प उभे राहतात. त्याला कुणी हात लावत नाही.

कारखाना कधीच बंद पडला. खोलीचं संग्रहालय झालं. निवृत्त झाल्यावर बाई ते सांभाळू लागल्या. सोबतीला एक राखणदार होता. कमरेला किल्ल्यांचा जुडगा असायचा, म्हणून पोरं त्याला किल्लीकाका म्हणायची. एकटा जीव. एकतीस वर्षं त्याची खुर्ची त्या दारात होती आणि दुसरं जग त्याला नव्हतं.

एकदा शाळेची मुलं आली. एका चिमुरडीने विचारलं, “बाई, मग तो अजून आतच आहे?”

बाईंनी तिला परोपरीने समजावलं. पण ती रडायची थांबेना. दुसऱ्या आठवड्यात खोलीत यायलाच तयार होईना.

बाईंना मुलाचं रडू कधीच बघवलं नाही. त्यांनी तांबटाकडून अगदी तसाच बिल्ला करून घेतला आणि त्या मंगळवारी मुलांच्या देखत सत्तावीसच्या खिळ्याला अडकवला. “बघा, आला की नाही बाहेर?” मुलांनी टाळ्या वाजवल्या.

किल्लीकाका तेवढा घुश्शात होता. माणूस आल्याशिवाय बिल्ला येतो का, असं पुटपुटत राहिला. बाईंनी हसण्यावारी नेलं.

बुधवारी सकाळी खिळा रिकामा होता.

बाईंनी सगळीकडे शोधलं. कपाटामागे, फळीखाली... नाही.

संध्याकाळी पाचला त्या निघायला उठल्या, तर बिल्ला खिळ्यावर.

गुरुवारी तेच. सकाळी आठला गायब, पाचला जागेवर. फरक इतकाच, की या वेळी बिल्ल्याला लाल माती लागली होती.

ओली.

बाईंचा संशय एकाच माणसावर. खोलीच्या किल्ल्या दोनच. एक त्यांच्याकडे, एक काकाकडे. शिवाय बिल्ला लावल्याचा राग त्यालाच आलेला. त्यांनी त्याची किल्ली काढून घेतली.

शुक्रवारी सकाळी खिळा रिकामा.

म्हणजे त्याने तिसरी किल्ली करून घेतली आहे, असं बाईंनी ठरवलं. संग्रहालयाच्या समितीकडे लेखी तक्रार दिली. सोमवारी बैठक होती आणि त्यात काकाला घरी बसवणार, हे सगळ्या गावाला कळलं होतं.

रविवारी बाईंनी त्याला रंगेहाथ पकडायचं ठरवलं. साडेचारला त्याला खोलीत बोलावलं, दाराला आतून कडी घातली आणि टेबलापलीकडे बसवलं. त्याची पाठ फळीकडे, बाईंचं तोंड फळीकडे.

“दोन्ही हात टेबलावर ठेवा.”

“कोंबडा होऊ का बाई?” काकाने विचारलं. हसला नाही.

बाईही हसल्या नाहीत. त्यांची नजर त्या हातांवरच होती.

पाचला पाच मिनिटं कमी. खिळा रिकामा.

खोलीची मागची भिंत शेडच्या बाजूची. तिच्यातलं दार विटांनी बुजवून नव्वद वर्षं झाली.

त्या भिंतीतून आवाज आला...

पावलांचा. अनवाणी. सावकाश. दमलेल्या माणसाचा.

मग कुणीतरी खोकलं. धुळीने घसा भरल्यावर खोकतात तसं.

आणि...

टिंग.

बाईंनी मान वर केली. बिल्ला खिळ्यावर होता. हलत होता. काकाचे दोन्ही हात टेबलावर होते.

बाई उठल्या, फळीपाशी गेल्या. बिल्ला हाताला कोमट लागला, बराच वेळ कुणाच्या तरी मुठीत असल्यासारखा.

काकाने मागे वळून पाहिलं नाही. “एकतीस वर्षं झाली बाई,” तो म्हणाला. “माझ्यावर आळ आजवर कुणी घेतला नव्हता.”

बाईंनी बिल्ला काढून टाकते म्हटलं. काका नको म्हणाला. “संध्याकाळी सुटायचं असतं हे त्या सत्तावीसला तुमच्यामुळे कळलं, त्याला पुन्हा कोंडू नका. कारखाना बंद पडलाय हे त्याला कुणी सांगितलेलंच नाही, म्हणून बिचारा सकाळी परत कामावर जातो.”

आणि समजावून सांगणं हेच तर बाईंचं आयुष्यभराचं काम.

सोमवारी आठच्या आधी त्या फळीसमोर उभ्या राहिल्या. शाळा सुटल्यावर न्यायला कुणी न आलेल्या मुलाशी बोलतात, त्या आवाजात म्हणाल्या, “घाबरू नकोस, बाळा. कारखाना बंद झाला. आता कामावर यायचं नाही. घरी जा.”

आठ वाजले.

बिल्ला जरासा हलला... आणि तिथेच राहिला.

बैठकीत बाईंनी सगळ्यांसमोर आपली चूक कबूल केली, काकाची माफी मागितली आणि किल्ली त्याच्या हातात दिली.

इथे संपलं असतं तर बरं होतं.

त्याच संध्याकाळी पाचनंतर कारखान्याला लागून असलेल्या घराची कडी वाजली. दार उघडलं. कुणी नाही. पायरीवर लाल मातीचं पाऊल होतं, बोटं घराकडे.

मंगळवारी त्याच्या शेजारच्या घरी.

बुधवारी त्याच्या पुढच्या.

रोज एकच घर. न चुकता, ओळीने. लोक एकमेकांच्या पोरांवर संशय घेऊ लागले. न्हावी आणि शिंपी तर यावरून हातघाईवर आले. मग औषधाच्या दुकानदाराने आपल्या दारावरचा कॅमेरा सगळ्यांना दाखवला. कडी हलताना दिसते. हलवणारा दिसत नाही.

बाईंनी कपाटातून जुनं हजेरीपुस्तक काढलं. त्याला नेमकं घर सांगावं, म्हणजे तो पोहोचेल, असा त्यांचा विचार. प्रत्येक नंबरापुढे राहण्याचं ठिकाण लिहिलेलं होतं. गल्ली, आळी, कुणाचं बिऱ्हाड.

सत्तावीसपुढे दोनच शब्द होते.

‘मुक्काम कारखान्यातच.’

त्या संध्याकाळी तिने मला फोन केला. रडत होती. “अरे, त्याला दुसरं घरच नव्हतं. होतं तिथून मीच त्याला हाकलला.”

सतराव्या दिवशी तिच्या घराची पाळी आली. काका सोबतीला येऊन बसला होता. पुढचं मला त्यानेच सांगितलं. कडी वाजली, बाईंनी दार सताड उघडलं आणि समोर कुणीच नसताना म्हणाल्या, “आलास? ये. पाय धुऊन घे.”

त्यानंतर गावात एकाही घराची कडी वाजली नाही.

याला आता तीन महिने झाले. बहीण ठणठणीत आहे. मात्र संध्याकाळी फोन केला तर ती अगदी हळू बोलते. परवा मी विचारलं, आवाज का बसलाय.

“बसला नाही रे,” ती कुजबुजली. “दमून आलाय, आत्ताच डोळा लागलाय.”

कुणाचा, ते विचारायचा मला धीर झाला नाही.

चार दिवस राहायला ये म्हणून ती सारखी बोलावते. मी दर वेळी नवी सबब सांगतो.