बाबांचं खरं आडनाव

बाबांच्या थुंकीची ती लहानशी नळी मी सुपेल्याच्या कुरियरवाल्याकडे दिली, येताना भाजी घेतली आणि घरी आल्यावर विसरूनही गेले. सुरुवात इतकी साधी होती.

माझे बाबा, धम्मपाल रंगारी, स्टील प्लांटमधून रिटायर झालेले. रंगारी हे आडनाव गिरजाआजीचं. प्लांट उभा राहत होता तेव्हा ती भंडाऱ्याकडून मजुरीला आली. सुपेल्याच्या बाजारात तिला एक रडतं पोर सापडलं. तिनं खूप विचारपूस केली, कोणी आलं नाही. मग तिनंच त्याला नाव दिलं, वाढवलं, शिकवलं. बाबांना त्याची कधी खंत नव्हती. पण माझी आई गेली, आणि एकदा जेवताना ते म्हणाले, "प्रेरणा, मायनं मले सारं देलं. पण मरायच्या आधी एकदा मालूम व्हाले पायजे... मी कोनाचा होतो."

म्हणून ती डीएनए तपासणी.

निकाल आला. सख्खी बहीण. गयाबाई, माहेरचं आडनाव कापगते, गाव उतई. तिच्या नातीनं, नीतूनं, हौसेनं आजीची तपासणी करून ठेवली होती. आमच्या नेहरू नगरपासून उतई ती केवढीशी दूर. बाबा तो शब्द दिवसभर तोंडात घोळवत होते. "कापगते... केवढं साधं नाव आहे गा."

आम्ही दुपारी गेलो. अंगणात धान वाळत होतं. गयाबाईचा नवरा घरजावई होता, म्हणून ती आईबापाच्याच घरात म्हातारी झाली होती. तिनं बाबांना पाहिलं आणि ती रडली नाही. तिनं त्यांचा हात उलटसुलट करून पाहिला, गालाला हात लावला, पुन्हा हात चाचपला.

"तू जित्ता आहेस?" ती हळूच म्हणाली.

"हाव, ताई."

"मंग तो कोन येते?"

नीतूनं आजीला गप्प करायचा प्रयत्न केला, पण ती थांबली नाही. बाजारात केवल हरवला, केवल म्हणजे बाबाच. आईबाप त्याला गावोगाव शोधत फिरले. मग एका संध्याकाळी दारावर थाप पडली. 'आई, मी केवल. दार उघड.' आईनं धावत दार उघडलं. बाहेर कोणी नव्हतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. रोज.

"मंग आई म्हने, गेला माहा केवल. त्याचा जीव येऊन राहिला दारावर." गयाबाईनं पदर तोंडाला लावला. "तवापासून ढुंढनं बंद केलं रे बाबू. आवाज आयकला, आन् ढुंढनं बंद केलं..."

सुपेला तिथून किती जवळ, हे त्या खोलीत सगळ्यांनाच ठाऊक होतं.

दिवेलागणीला मी निघायला उठले, तर गयाबाईनं माझं मनगट धरलं. बाहेर सगळं गप्प झालं होतं. चुलीचा धूर खाली बसला होता, आणि धानाच्या वासात ओल्या मातीचा वास मिसळला होता. अंगण तर कोरडं होतं.

थाप पडली. खूप खालून, लहान मुलाच्या उंचीवरून.

"आई... मी केवल. दार उघड ना."

मी बाबांकडे पाहिलं. त्यांचे डोळे भरले होते, पण भीती नव्हती. "किती दिवसाचा उभा आहे बिचारा," ते म्हणाले. मी "नका जाऊ" म्हणेपर्यंत त्यांनी कडी काढली होती.

बाहेर कोणी नव्हतं. बाबा पायरी उतरले, वाकले, आणि एखाद्या मुलाचा हात धरावा तसा हात पुढे केला. "चाल बाबू, घरात चाल."

मग ते वळून आत आले. एकटेच. माझ्याकडे बघून थबकले आणि गयाबाईच्या पदराआड झाले.

"गया, हे बाई कोन आहे? ...आई कुठं गेली?"

डॉक्टर म्हणाले, या वयात होतं असं. नेहरू नगरच्या घरात बाबा आपल्या आईला शोधत रडायचे. गिरजाआजीचा फोटो दाखवला, तर त्यांना ओळख पटेना. शेवटी मी त्यांना उतईला ठेवलं. तिथे ते शांत असतात. मी रविवारी जाते, खाऊ नेते. ते मला बाई म्हणतात.

गेल्या रविवारी निघायला उशीर झाला. बाबा माझ्याजवळ बसून दूधभात खात होते. दारावर थाप पडली. या वेळी वरून, मोठ्या माणसाच्या उंचीवरून. गयाबाईनं मान खाली घातली. तिला आधीपासून ठाऊक होतं, तिनं मला सांगितलं नव्हतं.

"प्रेरणा..." माझ्या बाबांचा आवाज. तोच, थकलेला, प्लांटवरून यायचे तेव्हाचा. "प्रेरणा बेटा, दार उघड. मले घरी ने."

मी उठले. पण बाजूला बसलेल्या बाबांनी माझी ओढणी घट्ट धरली होती. ते माझ्या कानाशी आले आणि अगदी हळू म्हणाले,

"बाई... तो मानूस रोज कावून रडून राहिला?"