बिनपाण्याचा बंब

आधी एक कोडं. डोंगराला आग लागली आहे, ती तुमच्याच दिशेने येते आहे, बंब दारात उभा आहे आणि त्याच्या टाकीत पाण्याचा थेंब नाही. आग कशी विझवाल?

‘पळून जाऊ’ हे उत्तर शहाणपणाचं आहे. पण मधमाश्यांच्या चाळीस पेट्या डोक्यावर घेऊन पळता येत नाही. करवंदवाडीच्या कस्तुरीची अडचण नेमकी हीच होती.

करवंदवाडी डोंगराच्या खांद्यावर वसली आहे. गावाखाली कमरेएवढ्या गवताचा उतार आणि उताराच्या वरच्या टोकाला, पायवाटेच्या काठाने, कस्तुरीच्या आईच्या, म्हणजे मंजुळाबाईंच्या, मधपेट्या. घर त्या पेट्यांवर चालायचं. दुपारी पेट्या हलवायची सोय नव्हती. माश्या फुलांवर गेलेल्या असतात. परत येऊन बघतात तो घराचा पत्ता नाही!

सन २०४३च्या फाल्गुनात, अशाच एका दुपारी, कोणीतरी खालून डोंगर पेटवला. दरवर्षी कोणीतरी पेटवतोच. जुनं गवत जाळलं की नवं जोमाने येतं, अशी समजूत आहे. हा ‘कोणीतरी’ कोण, ते गावात सर्वांना ठाऊक असतं आणि विचारलं तर कोणालाच ठाऊक नसतं.

“कस्तुरे, धूर बघ!” आई ओरडली. “पळ, सातबाला आण!”

सातबा म्हणजे जिल्हा अग्निशमन सेवेचा यंत्रमानव क्रमांक सात. चार पाय, दोन लांब हात, पाठीवर सहाशे लिटरची टाकी. दुर्गम गावांत बंबाची गाडी पोचेपर्यंत राखच उरते, म्हणून सरकारने असे यंत्रमानव गावोगावी ठेवले होते. करवंदवाडीत तो दिवाळीत आला. गावाने त्याला ओवाळलं, नाव दिलं आणि शाळेच्या व्हरांड्यात लाल फीत बांधून उभा केला. उद्घाटनाला मोठे पाहुणे यायचे होते. चार महिने झाले, पाहुणे येतच होते.

कस्तुरी धापा टाकत पोचली तेव्हा सरपंच बाजीतात्या फितीसमोर हात पसरून उभे होते.

“फीत तोडायची नाय! यंत्र आत्ताच वापरलं, तर पावणे येऊन काय कापणार?”

“तात्या, आग आलीय!”

“आग काय, दरसाल येती. पावणे एकदाच येणार हायत.”

सातबा शांतपणे म्हणाला, “मला आगीची जाणीव चार मिनिटांपूर्वीच झाली. परंतु स्थानिक प्रथांचा मान राखावा, असं माझ्या नियमावलीत आहे. कोणी फीत कापल्यास माझी हरकत नाही.”

मागून मंजुळाबाई विळा घेऊन आल्या. त्यांनी एका फटक्यात फीत कापली. टाळ्या वाजल्या नाहीत, बाकी समारंभ रीतसर पार पडला.

“चल, पाणी मार!” कस्तुरी म्हणाली.

“टाकी रिकामी आहे,” सातबा म्हणाला. “मंगळवारी उद्घाटनाची रंगीत तालीम झाली. धूळ बसावी म्हणून माझं सगळं पाणी पटांगणावर शिंपडण्यात आलं.”

सर्वांनी तात्यांकडे पाहिलं. तात्यांनी पटांगणाकडे पाहिलं. धूळ अजूनही छान बसलेली होती.

“टँकर घाटातून यायला एक तास लागेल. आग पेट्यांपर्यंत यायला पस्तीस मिनिटं,” सातबा चालता चालता म्हणाला. त्याच्या टापा खाडखाड वाजत होत्या. “कस्तुरी, आग जगते कशावर?”

“ही काय परीक्षेची वेळ आहे?”

“हीच आहे. सांग.”

“गवतावर.”

“बरोबर. त्याला इंधन (जे जळतं ते) म्हणू. दुसरी गोष्ट उष्णता. तिसरी हवेतला ऑक्सिजन (प्राणवायू, ज्याच्याशिवाय ज्योत टिकत नाही). तिन्ही असतील तरच आग. पाणी मुख्यतः उष्णता पळवतं. आपल्याकडे पाणी नाही. डोंगरावर झाकण ठेवून हवा तोडता येत नाही. मग काय उरलं?”

कस्तुरीने खाली पाहिलं. गवत, गवत आणि गवत.

“गवत काढायचं! पण एवढा डोंगर कसा कापणार?”

“डोंगर नको. एक पट्टी पुरे. तिला जाळरेषा (आग ओलांडू नये म्हणून मोकळी केलेली जमीन) म्हणतात.”

सातबाने पायवाट दाखवली. तिच्या एका टोकाला कोरडा दगडी ओढा, दुसऱ्या टोकाला उघडा कातळ. मधलीच जागा बंद करायची होती. करवंदवाडीत पाण्याची टंचाई असेल, विळ्यांची कधीच नव्हती. बघता बघता चाळीस माणसं वाकली. पायवाटेखालचं गवत सपासप पडू लागलं, पोरं ते उचलून मागे नेऊ लागली. सातबा तर दोन्ही हातांनी कापत होता.

चार पावलं रुंद पट्टी झाली. तोवर आगीचा आवाज ऐकू येऊ लागला होता, कढईत लाह्या फुटाव्या तसा.

“एवढी पुरेल?” आईने विचारलं.

“नाही. आग चढावर धावते. कस्तुरी, पेटलेल्या काडीचं डोकं खाली केलं तर?”

“झर्रकन वर येते. बोटं भाजतात.”

“कारण गरम हवा वर जाते आणि वरचं लाकूड आधीच तापवून ठेवते. इथे काडीच्या जागी डोंगर आहे. एवढी मोठी ज्वाळा ही पट्टी उडी मारून ओलांडेल. म्हणून आता मी आग लावणार आहे.”

“काय?” तात्या किंचाळले. “अरे, हे आग विझवायचं यंत्र हाय का लावायचं? बिघडलंय! उन्हानं बिघडलंय!”

“पट्टीच्या खालच्या कडेला लावतो. ही प्रतिआग (मोठ्या आगीसमोर मुद्दाम लावलेली लहान आग). ती उताराने खाली जाईल. वरचं डोकं पेटलेली काडी कशी जळते?”

“हळूहळू,” कस्तुरी म्हणाली. आणि मग तिचे डोळे मोठे झाले. “म्हणजे आपली आग रांगत खाली जाईल, वाटेतलं गवत खाऊन टाकेल... आणि मोठी आग वर येईल तेव्हा तिला खायला काही राहणारच नाही!”

“समजा, भुकेल्या पाहुण्याच्या आधीच पंगत उठली.”

हा दाखला तात्यांना ताबडतोब पटला.

“मी लावू?” कस्तुरीने विचारलं.

“नाही. प्रतिआग फक्त शिकलेल्यानेच लावायची, तीही वाऱ्याचा वेग मोजून. मी मोजला आहे. तू ठिणग्यांवर लक्ष ठेव.”

हिरव्या फांद्या घेऊन गाव पट्टीवर ओळीने उभं राहिलं. सातबाने कडेकडेने ठिणगी टाकली. ज्वाळा गुडघ्याएवढ्याच होत्या, निमूटपणे खाली सरकत होत्या. एक ठिणगी उडून पेट्यांकडे पडली. “तिकडं!” कस्तुरी ओरडली. तात्यांनी जी फांदी हाणली, ती विझलेल्या ठिणगीवर आणखी दहा वेळा हाणली.

खालून मोठी आग उसळत आली. प्रतिआगीने जाळून ठेवलेल्या काळ्या पट्ट्याशी पोचली. क्षणभर दोन्ही ज्वाळा एकमेकींना भिडून ताडाएवढ्या उंच झाल्या. आईने कस्तुरीचा हात घट्ट धरला. मग ज्वाळा बसल्या. जळायला काही नव्हतं. उरला तो नुसता धूर.

आई पेट्यांकडे धावली. एकेका पेटीला कान लावत गेली. दोन पेट्या गप्प होत्या. त्यातल्या माश्या धुराला कंटाळून उडून गेल्या होत्या. बाकी अडतीस पेट्यांत गूंऽऽऽ चालू होतं. आई तिथेच मातीत बसली, हसली आणि थोडी रडलीही.

त्या वर्षीच्या दिवाळीनंतर, गवत पुरतं वाळायच्या आत, करवंदवाडीने सगळ्या गावाभोवती जाळरेषा काढली. डोंगर पेटवायचा नाही, असा ठराव ग्रामसभेत झाला. तो एकमताने झाला, म्हणजे ‘कोणीतरी’नेही हात वर केला असणार.

काम संपवून कस्तुरी आणि सातबा पायवाटेवर उभे होते. समोरच्या डोंगरावर, दुसऱ्या गावाच्या वर, एक बारीक तपकिरी रेघ उमटत होती. मुंग्यांएवढी माणसं वाकलेली दिसत होती आणि विळे उन्हात चमकत होते.

“वाकडी काढतायत,” कस्तुरी म्हणाली.

“आगीला चालतं,” सातबा म्हणाला. “रिकामी असली म्हणजे झालं.”