फकडी आणि साहेबी

१८६४ सालचा चैत्र. तिकडं अमेरिकेत लढाई जुंपली आणि इकडं वऱ्हाडच्या कापसाला असा भाव आला, की लोक आमराया तोडून कपाशीला रान मोकळं करू लागले. अशी रानं मिळवून देणं हेच जानरावचं काम. चांदूर बाजारचा हा पंचविशीतला गडी अकोल्याच्या एका व्यापाऱ्यासाठी गावोगाव हिंडे, आणि त्याच्या गोड बोलण्यापुढं सहसा कुणी नाही म्हणत नसे.

हिवरखेडला खुशालरावांचा द्राक्षमळा होता. पाच पिढ्यांमागं दौलताबादेहून आणलेले वेल, आणि त्यांच्या पांढऱ्या द्राक्षांचं घरचं आसव. खुशालराव थकले होते. आपल्यामागं मुलीचं कसं, या काळजीनं ते रान विकून वेल उपटू द्यायला तयार झाले होते.

बोलणी संपत आली, तेवढ्यात वेलांच्या मांडवाखालून मुलगी आली... माणिक. लग्नाच्या वर्षातच नवरा पटकीनं गेला आणि ती माहेरी परतली, हे जानरावनं गावात ऐकलं होतं. ती माणसाकडं इतकं सरळ पाहते, हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं.

तिनं चांदीची लहानशी वाटी पुढं केली. "जे उपटून राहिले, थे चाखून तं पाहा जी."

वाटीत कोवळ्या उन्हाच्या रंगाचं काही होतं. जानरावनं एक घोट घेतला — आणि पुढचं वाक्य विसरला. आधी नुसता गारवा. मग कैरीच्या पहिल्या फोडीसारखी जिभेला जाग. मग कुठून कोण जाणे, मोहराचा वास... आणि सगळं ओसरल्यावरही घशात रेंगाळणारी मधासारखी ऊब. आपल्याच मातीत असं काही पिकतं? त्याचे डोळे भरून आले, त्याची त्यालाच लाज वाटली.

त्यानं आणखी मागितलं. माणिकनं नकारार्थी मान हलवली. घटकाभर थांबा, म्हणाली, वारा लागला की ते बदलतं. मग तो बसून राहिला. ती सांगत होती: फकडी द्राक्ष गोड पण सुस्त, साहेबी आंबट पण तरतरीत. दोन्हींचा रस वेगळ्या रांजणांत मुरतो. कोणत्या दिवशी, कोणाचा किती भाग मिसळायचा, याचं माप नाही. तापानंतर वडलांच्या जिभेची चव गेली, तेव्हापासून हे माप तिची जीभच ठरवते.

दुसरा घोट खरंच निराळा होता. जानराव वाटीकडं पाहत राहिला... मग तिच्या हातांकडं. हे या हातांनी केलं!

त्या दिवशी तो जमिनीचा विषय पुन्हा न काढताच उठला.

आठ दिवसांनी जानरावची घोडी पुन्हा मळ्याशी थांबली. व्यापाऱ्याला त्यानं सांगून टाकलं होतं, की ही जमीन कपाशीची नाही. खुशालराव हसले; अख्ख्या तालुक्यात याहून काळी माती नव्हती. मग जानराव खाली मान घालून म्हणाला, की तुमची हरकत नसेल तर मी माणिकबाईंशी पाटाचं लग्न लावीन, आणि इथंच राहीन. म्हाताऱ्यानं मांडवाकडं बोट दाखवलं. तिलाच विचारा, म्हणाले.

ती रांजणापाशी उभी होती. सगळं ऐकलं होतं तिनं.

"वेलासाठी येऊन राहिले, का माह्यासाठी?"

"पयल्या दिशी आसवासाठी थांबलो," तो म्हणाला. "आज... आज आसव नसतं तरी आलो असतो."

माणिकनं दोन्ही रांजणांतून दोन वाट्या भरल्या, तिसरी रिकामी त्याच्यापुढं ठेवली. मिसळा, म्हणाली.

जानरावनं अंदाजानं दोन्ही ओतलं. साहेबी जास्तच पडली.

तिनं चाखलं. तो श्वास रोखून पाहत होता.

"लई आंबट झालं," ती म्हणाली. "शिकाले वीस वरसं लागतीन तुमाले."

"लागू दे."

तिनं पापणी लववली — आणि ते आंबटढाण आसव, जराही तोंड वाकडं न करता, शेवटच्या थेंबापर्यंत पिऊन टाकलं.