अंजनाकाकूंचे उघडे डोळे

ही गोष्ट खरी आहे. पटली तर पटली, नाहीतर सोडून द्या. वाद घालायला माझ्यात त्राण नाही.

आणि भूत रात्रीच येतं असं काही नसतं. माझ्याकडे आलं ते गेल्या उन्हाळ्यात, रविवारी भर दुपारी. कोल्हापुरात, शाहूपुरीतल्या माझ्या एका खोलीच्या ऑफिसात.

मी उदयसिंह. फोटो स्टुडिओवाल्यांचं काम करतो. त्यांनी फोटो आणि मजकूर पाठवला की माझा सर्व्हर त्याचं चित्र जुळवून परत पाठवतो. वाढदिवस, बारसं, श्रद्धांजली. सगळा प्रोग्रॅम मीच जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेला.

त्या आठवड्यात जुना सर्व्हर गेला. नव्यावर सगळं हलवलं आणि चित्रं यायची थांबली. चित्र काढणाऱ्या लायब्ररीला, म्हणजे तयार कोडच्या संचाला, खाली सिस्टिममध्ये आणखी काही लायब्ररी लागतात. नव्या मशीनवर त्या नव्हत्याच. स्वयंपाकाला बाई आली, पण घरात चूलच नाही, अशातली गत! एक बसवली की दुसरी मागायची. दुसरी बसवली की तिसरी. दोन रात्री डोळ्याला डोळा लागला नव्हता.

आणि समोर अण्णासो बसले होते.

कुरुंदवाडचे शेतकरी. घरी म्हशी. त्यांची बायको अंजनाकाकू आठवड्यापूर्वी गेली. सोमवारी गावात शोकसभा, आणि तिथल्या स्टुडिओत चित्र येईना. म्हणून म्हातारा फोटो घेऊन थेट माझ्याकडे आला.

लेकाच्या लग्नातला फोटो होता. काकूंचे डोळे मिटलेले.

"दुसरा नाही का, अण्णा?"

"सगळ्यात असंच हाय. पहाटं उठून म्हशी, मग रान, मग चूल. फोटोपुरती टेकली की डोळं मिटायची. पोरं चिडवायची, अव्वा, फोटो काढाय बसलीस का झोपाय?"

हसले. मग हसू गेलं.

"एकदा डोळं उघडून द्या की. बघू दे मला."

"ते माझ्या हातात नाही, अण्णा. चौकट आणि नाव, एवढंच. तेही आज चालेना."

"बघा की जमतंय का," म्हणाले आणि चहा आणायला खाली गेले.

मी पुन्हा प्रोग्रॅम चालवला. लायब्ररी सापडत नाही. तीच रड. ती बसवायची कमांड दिली. मशीननं विचारलं, पुढे जाऊ? हो की नाही?

मी उत्तर दिलंच नाही… डोकं टेबलावर टेकलं.

बाहेर चहाची टपरी सोडली तर दुकानं बंद. गल्लीत रिक्षाचा आवाज नाही. फक्त सर्व्हरचा पंखा घरघरत होता…

तोही थांबला.

मग जांभई ऐकू आली.

लांबलचक. दमलेली. बाईमाणसाची… अगदी कानाशी.

मी ताडकन उठलो. खोलीत कुणी नाही. अण्णांच्या चपला आत्ता कुठे जिना चढताना वाजत होत्या.

स्क्रीनवर प्रश्न तसाच होता. हो की नाही. म्हणजे लायब्ररी बसलेलीच नव्हती. तिच्याशिवाय चित्र निघूच शकत नाही.

पण फोल्डरमध्ये एक नवं चित्र होतं.

उघडलं. चौकट बरोबर. नाव बरोबर. आणि काकूंचे डोळे…

उघडे.

लालसर, जागरण झालेल्या माणसाचे.

अण्णा चहाचे कप घेऊन मागे उभे होते. चहा सांडला. "आली बघा," म्हणाले. "बघतीया माझ्याकडं." आणि ढसाढसा रडायला लागले. त्यांना मी काय सांगणार, कपाळ? चित्र त्यांच्या मोबाइलवर पाठवून दिलं.

ते गेल्यावर मी 'हो' दाबलं. लायब्ररी बसली. तोच फोटो पुन्हा चालवला.

डोळे मिटलेले. मूळ फोटोसारखेच.

महिन्याभरानं अण्णांचा फोन आला. आवाज पार खोल गेलेला.

"उदय, डोळं मिटल्यालं द्या बाबा."

"का हो, काय झालं?"

"भितीला फ्रेम लावलीया. दिवा मालवला तरी बघतीया. पहाटं गोठ्यात दुधाची चरवी वाजती… जाऊन बघतो तर कोण न्हाय. जित्तेपणी झोपू दिलं न्हाय म्या तिला. मेल्यावर बी मीच उठवून बसवली की."

मिटलेल्या डोळ्यांचं चित्र माझ्याकडे होतंच. फोन चालू ठेवून लगेच पाठवलं.

पलीकडे मेसेज पोचल्याचा आवाज झाला.

"ह्यात बी उघडंच हाईत की."

माझ्या स्क्रीनवर ते मिटलेले होते. देवाशपथ मिटलेले होते.

तेवढ्यात जांभई आली. तीच.

"अण्णा… तुम्ही जांभई दिली?"

"न्हाय. तुमच्याकडनंच आली की… तुमच्या मागनं."

मी मागे वळून पाहिलं नाही.

आता रोज सकाळी ऑफिसात आलो की कोपऱ्यात चटई अंथरतो. उशी ठेवतो, वर धुतलेली चादर. कुणी विचारलं तर पाठ दुखते म्हणून सांगतो. मी स्वतः त्या चटईवर कधी आडवा होत नाही.

दुपारी जांभया ऐकू येतात. मी मान खाली घालून काम करत राहतो. मनात म्हणतो, झोपा हो काकू, इथं म्हशी नाहीत.

संध्याकाळी निघताना चादर बघतो. तिच्यावर एकही सुरकुती नसते.