संध्याकाळचा कोळसा

सूर्य बुडाला की भवतालची सगळी गावं थेट अंथरुणात शिरत. दिवा नाही, पंखा नाही, कुत्र्याला हाड म्हणायला माणूस नाही. एकट्या सावरखेड्यात मात्र दिवे लागत, कुकरच्या शिट्ट्या होत आणि गावामागच्या जुनाट वीजकेंद्राची चिमणी धूर ओकत राही. कारण सावरखेड्यात कौतिकाबाई ठेंगरे राहत होती आणि तिनं थेंब घ्यायला साफ नकार दिला होता. तिनं नाही म्हटलं म्हणजे गल्लीनं नाही म्हटलं, आणि गल्लीनं म्हटलं की गाव कशाला मागं राहतंय?

थेंब म्हणजे सांजथेंब. ते शोधून काढणाऱ्या डॉक्टर तस्नीम काझीला वीजकंपनीनं एका दुपारी कौतिकाबाईच्या ओसरीवर धाडलं. आत नातसून शेवंता खोकत होती. तिच्या मांडीवरच्या तान्ह्याच्या छातीतली घरघर ओसरीपर्यंत ऐकू येत होती.

"दिवसा सूर्याची वीज उतू जाते, कौतिकाबाई," डॉक्टर म्हणाली. "पण तो मावळतो तेव्हाच सगळे घरी येतात. स्वयंपाक, दिवे, टीव्ही. तेवढ्यासाठी हा कोळसा जाळावा लागतो."

"मंग तेवढाच जाळा. माही चूल का दिवसभर पेटलेली असते?"

"तुमची चूल फुंकली की पेटते. या बॉयलरला नुसतं तापायलाच कितीतरी तास लागतात. म्हणून तो विझवता येत नाही."

बोलणं कौतिकाबाईला पटलं, पण पटलेलं तोंडावर दाखवायची तिची रीत नव्हती. ती सुपारी कातरत राहिली.

डॉक्टरनं पुढचं सांगितलं. माणसाच्या अंगात कणाकणात एक घड्याळ असतं. झोप, भूक, जाग, सगळं त्याच्या हुकमावर. सांजथेंब ते घड्याळ सूर्याला बांधून टाकतात. सूर्य गेला की गाढ झोप, उगवायच्या जरा आधी जाग. संध्याकाळच उरली नाही, तर संध्याकाळची वीज मागणार कोण? देशातली कोळशाची केंद्रं अशीच एकेक विझली होती. हे शेवटचं. वीज मागणारं गाव आहे तोवर कंपनीला ते बंद करता येत नव्हतं.

"अन् ह्या लेकरानं रात्री डोळे उघडले तर?"

"आईच्या दुधातून त्यालाही थेंब पोचतात. शंभर गावांत विचारलंय आम्ही. एकही तान्हं रात्री रडत नाही."

आत लेकराला खोकल्याची ढास लागली. कौतिकाबाईनं अडकित्ता खाली ठेवला.

"घेतील समदे. पण मी नाही घेणार. घरात एक माणूस जागं पाहिजे."

डॉक्टर हसली. "तुम्हा एकटीला एक बॅटरी पुरेल."

"मले काही लागत नाही. दिव्याले लागल."

चिमणी थंडावली. दोरीवरचं धुणं पांढरंशुभ्र वाळू लागलं. लेकराच्या छातीतली घरघर ओसरली, शेवंताच्या गालावर रंग आला. बाया येताजाता म्हणत, तुमच्यामुळं झालं हो कौतिकाबाई. आणि कौतिकाबाई, "मंग काय!" म्हणून मान ताठ करी. खरंच सुखाचे दिवस होते. दुधातले थेंब लेकराच्या अंगात मुरायला महिना लागतो, तोवर ते रात्री उठलं तर वरचं दूध पाजा, असं डॉक्टरनं सांगून ठेवलं होतं. कौतिकाबाई कौतुकानं पाजत होती.

महिना सरला. त्या संध्याकाळी सगळं घर निजलं, आणि लेकरू रोजच्यासारखंच टाहो फोडून रडायला लागलं. वाटीचमच्याला तोंड लावीना. "शेवंते, ऊठ वं!" कौतिकाबाईनं हाक मारली, खांदा हलवला, तोंडावर पाणी मारलं. शेवंता ओल्या चेहऱ्यानं शांत श्वास घेत राहिली. शेवटी म्हातारीनं लेकरू तिच्या छातीशी धरलं. ते प्यालं. आईला पत्ताच नव्हता.

उजाडायच्या आधी शेवंता ताजीतवानी उठली. "आजी, थेंब लई गुणाचे. रात्रभर चूं नाही केलं यानं!"

कौतिकाबाई उठून परसात गेली. तिथून तिनं डॉक्टरला फोन लावला.

"तुह्या त्या शंभर गावांत रात्री जागं कोण असते?"

"कुणीच नाही, कौतिकाबाई. तेच तर यश आहे."

"मंग लेकरं रडत नाहीत, हे तुले कोणी सांगितलं?"

"त्यांच्या आयांनी," डॉक्टर म्हणाली. "सकाळी उठल्यावर."