हौसाबाईंचा खटारा

खोटं वाटेल, पण आमच्या घरात ही गोष्ट कुणी हसत सांगत नाही. माझ्या खापरपणजोबांच्या बाबतीत घडलेली. नाव सहदेव सुतार. साल अठराशे ऐंशीच्या आसपासचं. कल्याणहून विठ्ठलवाडीकडे जाताना रस्त्याला लागून त्यांचं छप्पर होतं. तिथे ते गाड्या दुरुस्त करायचे.

दिवाळी नुकतीच सरलेली. दिवस कलत आलेला.

छपराखाली हौसाबाईंचा चारचाकी खटारा उभा होता. त्यांचा नवरा धोंडीबा पावसाळ्यात थळ घाटाच्या उतारावर गेला. ब्रेक लागला नाही, गाडी सुटली, तो दरीत फेकला गेला. खटारा मात्र दरडीला अडकून राहिला. आता तोच घेऊन हौसाबाईंचा भाऊ आनंदा घाटात जाणार होता.

म्हणून सहदेव जीव ओतून काम करत होता.

त्याने गाडीची मागची बाजू ओंडक्यांवर उचलली. चाकं काढली, लोखंडी आस घासली, वंगण भरलं. चाकांना दाबून धरणारे ब्रेकचे ठोकळे पार झिजलेले. बाभळीचे नवे बसवले. चाकं परत चढवली, ब्रेकची दांडी सैल सोडली आणि एक चाक फिरवलं.

फिरलं नाही...

तो गाडीखाली शिरला. ठोकळा आणि चाक यांच्यात बोटभर फट होती. कुठेच काही अडकत नव्हतं.

त्याने दोन्ही हातांनी जोर लावला.

चाक तसूभरही हललं नाही.

आणि डोक्यावरची फळी करकरली...

कुणीतरी गाडीवानाच्या जागेवर बसून मागे रेलावं, तशी. पाठोपाठ दात आवळून सोडलेला श्वास.

सहदेव धडपडत बाहेर आला.

वर कुणी नव्हतं.

तेवढ्यात आनंदा बैल घेऊन आला. मागे हौसाबाई.

"झालं का सहदेवदादा?"

"आनंदा, ही गाडी नेऊ नकोस रे."

"का? आस मोडलीय?"

"नाही. काहीच मोडलेलं नाही..."

आनंदा हसला. त्याने गाडी ओंडक्यांवरून उतरवून घेतली, बैल जुंपले आणि पुढे उभं राहून कासरा ओढला. बैलांनी मान खाली घालून ओढ घेतली. पुढची चाकं फिरली. मागची मात्र फरफटत मातीत चर पाडत गेली.

बैल थांबले. थरथरायला लागले.

आनंदाचं हसू मावळलं. "ताई... मागे कोण आहे गं?"

हौसाबाई पुढे झाल्या, गाडीवानाच्या रिकाम्या जागेजवळ उभ्या राहिल्या. मग हळूच म्हणाल्या,

"अहो, सोडा आता. घाट मागे राहिला. घरी आलोय आपण."

कुणी हललं नाही. वारासुद्धा पडलेला.

फळी एकदाच करकरली...

आणि गाडी आपोआप पुढे सरकली.

हौसाबाई मटकन खाली बसल्या. तेव्हा कुठे त्यांना रडू फुटलं.

आनंदाने बैल सोडले. तो घाटात गेला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहदेवने ठोकळे उतरवले. आदल्या दिवशीच घडवलेली कोरी बाभूळ. चाकाकडची बाजू जळून काळीठिक्कर पडलेली. अख्खा घाट ब्रेक दाबून उतरल्यावर पडते, तशी.

गाडी तर छपरापासून दहा हातसुद्धा गेली नव्हती.

त्यानंतर कुठल्याही गाडीखाली शिरण्याआधी खापरपणजोबा विचारायचे, "वर कुणी बसलंय का?"

आणि उत्तरासाठी थांबायचे.

कधी उत्तर आलं का, हे मात्र त्यांनी शेवटपर्यंत कुणाला सांगितलं नाही.