लढाईच्या दगडावरचा कल्याण

मोबाईलची बत्ती विझव रुपाली, डोळ्यांत येतीय. आन् पार्थ, तुला हसायचं आसंल तर आत्ताच हसून घे. बिभीषण माझ्यासंगं विहिरीच्या कामाला हुता. त्याच्या घरात घडलेलं हाय हे.

जामखेड रोडच्या आपल्या जुन्या चर्चची झाडलोट बिभीषणकडं. काळ्या दगडाची इमारत, कमानीच्या खिडक्या, वर घंटेचा मनोरा. आत भिंतीत लढाईचा दगड बसवलाय. गोऱ्यांच्या लढाईत, पैल्या महायुद्धात, गावातले गडी पार इराकात बसऱ्याला गेले, तिकडंच राहिले. त्यांची नावं कोरल्यात. त्या घरांत पोरगं झालं की त्यातलंच नाव ठेवत्यात. बिभीषणचा आजा कल्याण, त्या दगडावरचाच. पोरगाबी कल्याण. त्योबी मिलिटरीत.

मागल्या साली, नाताळच्या आधीचा शनिवार. कल्याण वर्सानं रजेवर यायचा हुता. बिभीषण दगडावरच्या नावांत काळा रंग भरायला गेला. भरताना नाव मोठ्यानं घ्यायचं, ही रीत. पन दिस बुडायच्या आत. त्या दिवशी उशीर झाला, लाईटबी गेली. एकच नाव राहिलेलं. म्हनला, उरकून टाकू.

"कल्याण."

"ओ!"

दारातनं आली ओ. बिभीषणला काय आनंद!

"आलास व्हय रं? हितं थांबू नगं, घरी जा. आई वाट बघतीय!"

बूट वाजले. घराच्या वाटंनं गेले.

मग मोबाईल वाजला.

"बाबा, मी सुप्यातच हाय अजून. गाडी बंद पडलीय. यायला सकाळ व्हईल."

बिभीषणनं रंगाचा डबा तसाच टाकला. पळत सुटला.

रतनबाई, त्याची बायकू, चुलीपाशी बसलेली.

"हळू. लेक निजलाय तुमचा."

"कोन?"

"कोन म्हंजे? आला, जेवला, आत गेला. एक शबूद न्हाई बोलला. लई वाळलाय वो..."

"तोंड बघितलंस?"

रतनबाईनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं.

"अंधारात... मफलर हुता..."

बिभीषणनं आतल्या खोलीला भाईरनं कडी घातली. त्या खोलीला खिडकी न्हाई. दोघं दाराला पाठ लावून बसली. आत कायतरी ओढल्यागत आवाज. आवळल्यागत. थांबायचा. परत...

मग तोबी न्हाई.

उजाडताना कल्याण आला. धडधाकट. आईनं दोन्ही हातांनी त्याचं तोंड चाचपलं, पार कानापतूर.

"आई, आसं काय करतीस? आन् दाराला कडी कशापायी?"

कडी त्यानंच काढली.

आत कुनी न्हाई.

भिंतीला वळकट्या उभ्या केलेल्या. गोधड्या घट्ट गुंडाळून, पलटन निघताना बांधत्यात तशा. जुन्या खाकी पट्ट्यांनी आवळलेल्या. आसल्या पट्ट्या त्या घरात कुनाच्याच न्हवत्या.

एकटाच जानार आसता, तर एकच बांधली आसती. पन एक न्हाई, पोरांनो.

दोन.